बडीशेपेचा वास

अबू यासीन,

कुवेतहून तुमचा फोन आला, तेव्हा मी "सगळं ठीक" म्हटलं, कारण तुमच्या आई शेजारीच बसल्या होत्या. हे पत्रही पाठवणार नाही. तुम्ही ते त्यांनाच वाचून दाखवाल.

आपल्या तान्ह्या यासीनचा हर्निया अडकला, ऑपरेशन पुढे ढकलता येईना. शेजारच्या खाटेवरच्या बाळाला आधी भूल देऊन झोपवलं, मग माकडहाडाशी सुई दिली. आपल्या बाळाला मात्र जागंच ठेवून पाठीत सुई! गरिबाच्या लेकरावर प्रयोग करता का, म्हणून मी भूल देणाऱ्या डॉक्टर नाहिदशी भांडले.

ती म्हणाली, "बाई, याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येतोय. भरल्या पोटी झोपवलं आणि ओकला, तर छातीत जाईल. म्हणून फक्त कमरेखाली बधिर करतेय. काही पाजू नका सांगितलं होतं ना?"

मी थेंबही पाजला नव्हता. नमाजापुरता तेवढा तुमच्या आईंच्या मांडीवर दिला होता.

यासीन ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आला. डॉक्टरचं बोलणं मी घरच्या कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं विचारलं, "पाय हलवतो का?" तुमच्या बहिणीनं विचारलं, "फार रडला का?"

तुमच्या आईंनी विचारलं, "ओकला तर नाही ना?"

उम्म यासीन