जबड्याला लावलेलं तेल

३ जून
देवाच्या कृपेनं सुखरूप पोचलो. डोंगर उतरून व्होईच्या रानात, राखणदारांच्या चौकीवर, यांना दोन खोल्यांचं घर मिळालं. पत्रा नवा, पाण्याची टाकी काठोकाठ. आमची वाकिओ पाच वर्षांची. आल्याआल्या अंगणातल्या हाडावर घोडा करून बसली. हत्तिणीचा जबडा आहे तो, दोन पाटांएवढा. गेल्या साली चोरट्या शिकाऱ्यांनी तिला विषारी बाणानं पाडलं आणि सुळ्यांसाठी जिवंतपणीच कुऱ्हाडीनं तोंड फोडलं. रोज भर दुपारी तिच्या तीन लेकी येतात, सोंडेनं एकेक दात चाचपतात, जातात. म्हातारे पहारेकरी किलोंझो म्हणाले, "वाकिओच्या आई, या तुमच्या नणंदा. आल्या की घरात बसा, चहा विचारू नका!"

८ जून
हे बाकीच्या राखणदारांबरोबर शिकाऱ्यांच्या मागावर गेलेत, शनिवारी येतील. दुपारी पोरीला अंगणात सोडायची सोय नाही. शिवाय मेलेल्याचं हाड असं उघड्यावर? आमच्या डोंगरात आजीच्या वेळेपर्यंत माणसाची कवटी उकरून कपारीत ठेवत. मग तो जीव निवांत. मुका जीवही देवानंच घडवला. जबडा धुतला, एरंडेल चोळलं. किलोंझो कुरकुरले, "त्यांचं माणूस त्यांना सांभाळू द्या, बाई. तुम्हा डोंगरातल्या तायता लोकांना दिसेल ते हाड कपारीत घालायची खोड!" तरी त्यांनाच हात लावायला लावून, हातगाडीवर घालून जवळच्या टेकडीच्या कपारीत नेलाच. कपारीच्या तोंडाशी दगड रचले, प्रार्थना केली. ओघळलेलं तेल वाटीत धरलं होतं. वाया का घालवा, म्हणून वाकिओच्या डोक्याला चोपडलं.

९ जून
त्या आल्या. रिकामी जागा हुंगत कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग टाकी उलथली. हातगाडी हुंगली आणि चेचून पत्रा केला. गेल्या नाहीत. किलोंझो बंदूक घेऊन दारात बसले. माझ्यावर चिडले, की मी हत्तिणींच्या घरातलं मयत चोरलं. गोळी घाला म्हटलं तर म्हणाले, त्या कुळातल्या तिघीच उरल्यात, त्यांना मारायला मी चाकरी धरली नाही. उद्या जबडा परत आणतो.

१० जून
सकाळी त्या झाडीआड गेल्या, तेव्हा किलोंझो कपारीकडे निघाले. खिडकीतून पाहिलं. थोरलीनं वाटेत गाठलं. त्यांनी हवेत बार काढला. तिनं सोंडेनं त्यांचे हात हुंगले — मग गुडघा छातीवर. बरगड्यांचा आवाज इथवर आला. मग तोंड — दात शोधत होती — त्यांचा जबडा उपटून बाजूला ठेवला. तिघींनी तो चाचपला. त्यांच्यावर फांद्या घातल्या.
प्रभू, मी काय केलं.

११ जून, दुपार
घराभोवती आहेत. पोरीच्या डोक्याचं तेल धुवायला पाण्याचा थेंब नाही. वाकिओचे केस कातरून बाहेर फेकले. हुंगले, पुन्हा खिडकीशी. वास तिच्या कातड्यात —

सोंड गजांतून आत आली. वाकिओच्या हनुवटीवर. दातांवर. पोर हसली. म्हणे, आई, गुदगुल्या. मग गज वाकले. मी सोंडेवर विळा घातला. रक्त माझ्या तोंडावर —

तिला लाकडी पेटीत घातलंय. झाकण बंद. पेटी मागच्या भिंतीशी. उरलेलं तेल तोंडाला लावते, दारातून पळते. माझ्या मागे येतील. प्रभू, येऊ देत.

मोजते. दारात एक. खिडकीत एक.
तिसरी —
मागच्या भिंतीची माती —
वाकिओ, बाहेर ये, बाहेर —