तुंबलेली धमनी

चिमूर, १२ डिसेंबर १९५७

प्रिय कमळा,

हे अक्षर नानाजी गुरुजींचं आहे, बोल माझे आहेत. उजवा हात अजून टाक धरत नाही. पण मी बोलतो, बाई! शब्द अडतो, जीभ लटपटते, तरी निघतो. परवा तुझ्या आईला "मले भाकर नोको, भात दे" असं सबंध बोललो, तर ती चुलीपुढे बसून रडलीच.

तू नर्सिंग शिकायला नागपूरला गेलीस त्याला चौदा महिने झाले. त्या सकाळी मी तुझ्यावर नको तेवढा ओरडलो आणि दुपारी बांधावर कोसळलो. तोंड वाकडं, उजवं अंग लाकडासारखं. शेजारच्या मुखरूनं बैलबंडीत घालून घरी आणलं. गावानं ठरवून टाकलं, पोरीच्या घोरानं बापाची ही गत झाली. तुझ्या काकूनं तुला तसं लिहिलंही. तेव्हापासून तू दोन्ही दिवाळ्यांना आली नाहीस. आईला पत्र यायचं, त्यात शेवटी एवढंच, 'बापूजींपुढे माझं नाव काढू नको, त्रास होईल.'

सोमवारी तुझ्या आईसोबत मोटारीनं चांद्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मेंदूच्या डाव्या भागाला रक्त नेणारी एक धमनी असते, बोलणं आणि उजवं अंग तिच्या भरवशावर. माझी तीच तुंबली. मी धानाचा माणूस, लगेच उमगलं. तलाव भरलेला असला तरी पाट गाळानं बुजला की खालची धानाची बांधी वाळते. डॉक्टर हसले. "तसंच. पण हा गाळ एका दिवसाचा नाही, कित्येक वर्षांचा आहे. याआधी कधी हात गळाला होता? बोबडी वळली होती?"

आई चटकन म्हणाली, "नाई जी, कधीच नाई."

मी मान खाली घातली. म्हणालो, "दोनदा."

पहिल्यांदा मार्कंड्याच्या जत्रेत. हातातला नारळ आपोआप सुटला, घटकाभर तोंडातून शब्द निघेना. तेव्हा तू नागपूरचं नावही काढलं नव्हतंस. दुसऱ्यांदा धानाच्या रोवणीत. दोन्ही वेळा आपसूक बरं वाटलं, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

 घरी आल्यावर आई म्हणाली, "आता पोरीले कोन सांगन?"

म्हणून हे पत्र. पहिले महिने मला वाचाच नव्हती. पण तुटक का होईना, वाचा येऊन पाच महिने झाले, गाव तुला बोल लावत राहिलं, आणि मी ऐकत बसलो. स्वतःचं दुखणं लपवलं, हे कबूल करायची लाज वाटली. तुझ्या जाण्यानं मला काही झालं नाही, बाई. काल मुखरूच्या खांद्याला धरून चावडीवर उभा राहिलो आणि सगळ्यांपुढे हेच अडखळत सांगितलं. काकूही होती. रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. आता तूही झोप. परीक्षा आटोपली की ये. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम तुझ्या आईला काही जमत नाही, तो तुलाच करून घ्यावा लागेल.

तुझाच,
बापूजी