घार धरायची का, मावशी?

प्रिय सुधामावशी,

पत्र लिहायची वेळ आली, कारण काकांनी हात वर केले. क्योटोला जे झालं ते मी त्यांना सगळं सांगितलं. चहा संपेपर्यंत त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, असले निकाल सुधाच द्यायची, तिलाच विचार. म्हणून द हेगच्या तुझ्याच स्वयंपाकघरात बसून विचारतोय.

आधी तुला जरा जळवतो. मी क्योटो पाहिलं! पहिल्या लॉकडाऊनमध्ये तुमची तिकिटं रद्द झाली, तेव्हा तू टीव्हीवर तिथले व्हिडिओ लावून, पायात बूट आणि खांद्याला पर्स अडकवून हॉलमध्ये जागच्या जागी चालायचीस, ते क्योटो. "आज चार देवळं झाली," म्हणून मग पाय शेकत बसायचीस. जपान उघडेपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं? इतकी कसली घाई?

तिथे केतकी होती, हे तू ओळखलंच असशील. ती डेल्फ्टला शिकत होती, तुझ्या घरापासून ट्रॅमच्या अंतरावर. म्हणून मी मास्ट्रिख्टचं कॉलेज अर्ध्यावर सोडून बॅगेसकट तुझ्या दारात येऊन उभा राहिलो, आणि पुढे ही बाई जुन्या लाकडी छपरांचा अभ्यास करायला थेट जपानला! ती जाणार हे कळल्यावर तू हसलीस. हसायला नको होतंस.

मला तिला एवढंच विचारायचं होतं, माझ्याशी लग्न करशील का. हातात एकच दिवस होता.

सकाळी आम्ही लाल कमानींचा डोंगर चढलो. तीनदा विचारायला तोंड उघडलं, तिन्ही वेळा धाप लागली. मग एका देवळात तिने मला अर्धा तास छताचा एक सांधा दाखवला. एकही खिळा नाही, म्हणाली. मी छताकडे बघतच नव्हतो, आणि पकडलो गेलो. जेवायला एका जुन्या घरात मांडी घालून बसलो. नऊ वाट्या आल्या, नऊही टोफूच्या. सगळं संपवून मी म्हटलं, वाढणाऱ्या आजींना विचार, आता जेवण कधी? केतकीने भाषांतर करायला साफ नकार दिला.

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. आज मावशीची तिथी आहे, कावळ्याला घास ठेव. मी विसरलो होतो. रागावू नकोस.

भात आणि भोपळ्याच्या भाजीचा एक डबा घेऊन आम्ही नदीकाठी गेलो. तिथे सावधगिरीचा चित्रासकट बोर्ड होता म्हणे. मी बघितला नाही, नेहमीप्रमाणे. कागदावर पान मांडलं, हात जोडले. दोन गलेलठ्ठ कावळे आले, बघून बाजूला झाले. मग आपल्याकडे करतात तसं मी मोठ्याने वचनं द्यायला लागलो. कॉलेज पूर्ण करीन. कावळ्यांनी पाठ फिरवली. काकांवर ओरडणार नाही. एकाने पाचोळा उकरायला घेतला. शेवटी मी कावळ्यांवरच ओरडलो. काठावर ओळीने बसलेली जोडपी वळून बघायला लागली.

आणि मग काय झालं कळलं नाही, मला रडू फुटलं. तू आजारी पडून आतल्या खोलीत एकटी राहत होतीस. बंद दाराआडून कॉलेजचं विचारलंस, तर मी म्हणालो होतो, "तू माझी आई नाहीस." दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं. त्यानंतर आपलं बोलणंच झालं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं.

केतकीने पाठीवर हात ठेवला आणि पानाकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही याची काळजी करू नका. मी आहे याच्याबरोबर."

तिचं वाक्य संपतंय तोच आकाशातून घार कोसळली! भात, भोपळा, कागद, सगळं उचलून घेऊन गेली. तिचा पंख माझ्या कानाला लागला.

मी लगेच विचारलं, "म्हणजे लग्नाला हो?"

"ते कावळ्यासाठी होतं," केतकी म्हणाली. "घारीने नेलं, म्हणजे धरायचं नाही."

नदीपासून स्टेशनपर्यंत भांडलो. मी म्हटलं, घार म्हणजे तर वरच्या दर्जाचा कावळा. ती म्हणाली, "तू रडत होतास म्हणून एक वाक्य बोलले. त्यावर आख्खा संसार उभा करणार आहेस का?" माझं डोकं फिरलं. निरोपही न घेता फलाटावर निघून गेलो. दोन आठवडे झाले, अबोला आहे.

तर निकाल दे. घार धरायची का?

खरं म्हणजे घारीचं मला कळलंय. तू अशीच यायचीस, पानासकट सगळं उचलून न्यायचीस. पण केतकी जे बोलली ते तुझ्याशी बोलली, माझ्याशी नाही. घास तुझ्यासाठी होता, मध्येच झडप घातली मी.

म्हणून एक वचन देतो, आणि आता समोर कावळा नाही. कॉलेजचं म्हणत नाही, तुला खोटं पचत नाही. हे पत्र संपवून केतकीला फोन करतो. आधी माफी मागीन. घारीचा विषय काढणार नाही. ती नाही म्हणाली, तरी फोन मी आधी ठेवणार नाही.

तुझा, आणि तुझं ऐकायला उशीर केलेला,
ओंकार