मेबलच्या वहीतलं अक्षर

कालव्याकाठून, ३ मार्च

चि. ब्रायोनीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बोलतेय, ट्रेसी लिहितेय. मालाच्या नावेवर जन्मलेल्यांना कुठली शाळा! आठवडाभर नाव एका धक्क्याला थांबली तर ना.

गावोगावच्या काउन्सिली म्हाताऱ्यांना नीट सांभाळतात का, याचे तू गुण देत फिरतेस, म्हणून कळवते. भिंतीपलीकडची मेबल गेली. भाचा रविवारी आला, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी संध्याकाळीच गेली असावी.

रोज संध्याकाळी सहाला आम्ही भिंतीवर तीनदा ठोकायचो. आहे गं अजून, एवढंच सांगायला. गुरुवारी मी पत्त्यांवरून रुसले होते. मेबल फार लबाडीनं खेळायची.

ट्रेसी काउन्सिलची मदतनीस. माझ्याकडे येते तशी तिकडेही रोज जात होती म्हणे. मला बुधवारनंतर मेबलच्या दाराची किल्ली ऐकू आली नाही. कान गेले असतील माझे. बघ, कशी मान खाली घालून लिहितेय!

जेवत जा. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी केझाया


न्यूकॅसल, ११ मार्च

ती. आजीस ब्रायोनीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र ट्रेसीकडून वाचून घेऊ नकोस, म्हणून शेजारच्या पेलकाकांच्या पत्त्यावर पाठवतेय. तेच वाचून दाखवतील.

तुझं गाव म्हणून तिथल्या तपासणीत मला घेत नाहीत. पण तुझं पत्र मी सहकारिणीला दाखवलं आणि तिनं मेबलआजींची वही मागवली, मदतनीस रोजच्या भेटी लिहितात ती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवशी एकच नोंद: ‘भेट दिली. चहा घेतला. हसतमुख.’

आजी, त्या वहीतलं अक्षर आणि तुझ्या पत्रातलं अक्षर एकच आहे.

काउन्सिलला ‘चांगली’ हा शेरा जवळपास ठरलाय. वीस तारखेच्या आत कुणी साक्ष दिली तरच थांबेल. देशील?

तुझ्या वहीत काय लिहिलंय, या विचारानं झोप येत नाही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ब्रायोनी


कालव्याकाठून, १४ मार्च

चि. ब्रायोनीस आशीर्वाद.

हेही ट्रेसीच लिहितेय. पेलनं तुझं पत्र तिच्यासमोरच मोठ्यानं वाचलं. मीच सांगितलं तसं. मग म्हटलं, पळतेस कुठे, बस आणि लिही.

तिला एका सकाळी चौदा घरं दिली होती. जमत नाही म्हणाली, तर ऑफिसातल्या वरच्या बाई म्हणाल्या की नोंदी गाडीत बसून भर. मेबल कधी तक्रार करत नसे, म्हणून तिचं घर गाळलं. ट्रेसी साक्षीला येतेय. मीही येते. पण त्या वरच्या बाईंनाही बोलवा, नाहीतर सगळं खापर हिच्याच डोक्यावर फोडतील.

आता माझं. गुरुवारी सहाला भिंतीवर ठोकलेलं मी ऐकलं होतं. तीनदा नव्हे, कितीतरी वेळ, वेडंवाकडं, हळूहळू बारीक होत गेलेलं. मला वाटलं, माझी समजूत काढतेय. म्हटलं, रडू दे जरा त्या लबाड बाईला. मी उत्तर दिलं नाही.

ट्रेसी थांबलीय. म्हणते, आजी, हे नको लिहायला. मी म्हटलं, लिही. तू न गेलेलं लिहिलंस, मी ऐकलेलं लपवलं.

आता सहा वाजतायत. रोज ठोकते मी. तिकडची खोली रिकामी आहे, काउन्सिलनं पलंगसुद्धा नेला. तरी तीन ठोके झाले की हात भिंतीवरच ठेवते, उत्तर येईपर्यंत.

येशील तेव्हा पत्ते आण. लोभ असू दे, हे सगळं कळल्यावरही.

तुझी आजी केझाया