चाचांची सुरी आणि दसऱ्याचे भाजलेले मटण

जिच्या कृपेने अन्न शिजते आणि जिच्याच कृपेने भूकही लागते, त्या जगदंबेला आधी नमस्कार. माय, तुला त्याच्या मागोमाग. देवीच्या आधी तुझे नाव लिहिले असते, तर तू ओरडली असतीस, म्हणून हा क्रम.

विषय स्वयंपाकाचा आहे. आज अष्टमी. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात नातीने फ्रिजमध्ये जागा करता करता विचारले, "आजी, तेव्हा फ्रिजच नव्हता ना? मग गोश्त रात्रभर ठेवत कैसे होते?" तिला उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की मी तिच्याशी नव्हे, तुझ्याशी बोलते आहे. तिला मराठी बोलता येते, वाचताना मात्र ती अडखळते. म्हणून मनात आले ते तुलाच पत्र म्हणून कागदावर उतरवते आहे, तिला मी वाचून दाखवीन. मी जन्मभर पोथ्या वाचल्या, मुलींना संस्कृत शिकवले, गळ्यात माळ घातली तेव्हापासून मांसही वर्ज्य केले. तरीही अन्नाला ब्रह्म का म्हणावे हे मला ज्या ठिकाणी प्रथम कळले, ते ठिकाण कुठल्या ग्रंथात नाही. ते काचीगुड्याच्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात आहे, आणि तिथे तू पदर खोचून बोकडाच्या कण्यावरून बोटे फिरवीत उभी आहेस.

बोकड वडील आणत; पसंती मात्र तुझी. जनावर कोवळे हवे, पण उपाशी ठेवलेले नको. पाठीवर बोटे दाबून मांस किती भरले आहे ते तू पाहायचीस आणि मग मान हलवायचीस किंवा नुसतीच आत निघून जायचीस. आत गेलीस की वडील निमूटपणे दोर सोडून परत बाजाराची वाट धरत. कापल्यावर पुन्हा परीक्षा. चरबी पांढरी आणि घट्ट असावी. पिवळी असली तर जनावर वयाचे. मांस गुलाबीकडे झुकणारे लाल असावे, आणि बोटाने दाबलेली खळगी तिथल्या तिथे भरून यावी. "ताजं मांस दाबलं तर परत उठतं," तू म्हणायचीस, "शिळं दबलेलंच राहतं. माणसांचंही तसंच." नवमीला देवीला रश्शाचा नैवेद्य, आणि मागची अख्खी मांडी, जिला आपल्या हैदराबादेत रान म्हणतात, ती दसऱ्यासाठी राखून ठेवायची, असा आपल्या घरचा कुळाचार.

ती राखण्याची तुझी रीत मी आजही डोळे मिटून सांगू शकते. मांडी धुवायची नाही. पाणी लागले की मांस लवकर उतरते. कोरड्या कापडाने टिपून, मीठ आणि हळद चोळून, आधी कोरड्या आणि त्यावर ओल्या मलमलीत गुंडाळायची. मग पडवीत, जिथे वाऱ्याची वाट आहे तिथे, आकड्याला टांगायची आणि मांजराच्या भीतीने वर वेताची टोपली झाकायची. कापड सुकू लागले की पाण्याचा हबका. कापल्या कापल्या मांस शिजवू नये, त्याला आपला ताप सोडू द्यावा, हे तू सांगायचीस तेव्हा तुझा आवाज आजारी माणसाच्या उशाशी बोलावा तसा हळू होत असे. 

पण हे सारे चाचांवाचून सुरू होत नसे. नातीला हेच समजावून सांगावे लागले. चाचा आपल्या गावचे मुलाणी. आपल्या गावाकडे देवीचा बोकड असो की लग्नाचा, सुरी मुलाण्यानेच धरायची, त्याच्या धर्माप्रमाणे ईश्वराचे नाव घ्यायचे, आणि मग ते मांस आपल्या चुलीवर चढायचे. पिढ्यांमागून पिढ्या असेच चालत आलेले. पोटासाठी आपले घर हैदराबादेत आले तसे चाचांचेही आले. ते रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहत. अष्टमीच्या संध्याकाळी ते आपली सुरी आणून तुझ्या स्वाधीन करीत. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वडिलांचा लिहायचा टाक, तुझी पळी, उखळ, विळी, आणि त्यांच्याच शेजारी पाटावर चाचांची सुरी. सर्वांना एकच हळदकुंकू. पूजा झाली की चाचा येत, काकाच्या हातून पाण्याची धार घेऊन हात धूत, आणि कुंकू लागलेली सुरी उचलीत.

ज्या वर्षी आपले संस्थान हिंदुस्थानात विलीन झाले, त्या वर्षी अष्टमीला सुरी आली नाही. त्याआधीचे कित्येक महिने रझाकारांच्या धास्तीने आपण दारांना आतून अडणे लावून निजत होतो. मग फौजा आल्या, रस्त्यांत गुलाल उधळला गेला, काकाने पेढे वाटले. आणि अडणे आपल्या दारांवरून निघून चाचांच्या गल्लीतल्या दारांना लागले. भीती शहर सोडून गेली नव्हती, तिने नुसते घर बदलले होते. वडील नातेवाइकांची विचारपूस करायला गावाकडे गेले होते आणि तिकडेच अडकले होते. 

नवमीची सकाळ. अंगणात काकाने आणलेला बोकड बांधलेला आहे, पाटावर सुरीची जागा मोकळी आहे, आणि काका, वडिलांचा धाकटा भाऊ, खांबाला टेकून उभा आहे.

"वहिनी, किती वाट बघणार? नारायणगुड्याला आपल्यातला खाटीक आहे. त्याला घेऊन येतो. आता राज्य आपलं आलं."

"राज्य बदललं," तू म्हणालीस, "देवी बदलली का?"

"अहो, पण आता त्यांची गरज काय?"

"गरजेसाठी बोलवत होतो होय आपण त्यांना इतकी वर्षं? मला वाटलं, आपले म्हणून."

 मग मीही मध्ये तोंड घातले. मी तेव्हा नुकतीच स्तोत्रे अर्थासह शिकू लागले होते आणि त्या विद्येचा मला मोठा डौल होता. मी विचारले, "माय, पण चाचा जे नाव घेतात ते आपल्या देवीचं नाही. मग नैवेद्य देवीला कसा पोचतो?" तू पाटावरचे हळदकुंकवाचे ताट उचलत होतीस. माझ्याकडे न बघताच बोललीस, "जीव घेताना, ज्यानं तो दिला त्याचं नाव घ्यावं. चाचा घेतात. तुझा काका घेईल का? त्याचं सगळं ध्यान रश्शात." काकासुद्धा हसला. हे वाक्य मी त्यानंतर थोर भाष्यकारांच्या शेजारी ठेवून पाहिले आहे, माय. ते तिथे संकोचून उभे राहत नाही.

आणि मग तू, जी मटणाच्या बाजारात कधी गेली नव्हतीस, जिच्या पसंतीसाठी बाजारच घरी येत असे, ती पदर डोक्यावर आणि ते ताट हातात घेऊन उंबरा ओलांडतेस. मी मागोमाग. चाचांच्या दारावर तू एकदा थाप मारतेस, "मी आहे," म्हणतेस, आणि पायरीवर बसतेस. गल्लीत चिटपाखरू नाही. बराच वेळ काही होत नाही.

"माय, पुन्हा ठोठाव ना."

"थांब. आत भीती आहे. दुसऱ्यांदा ठोठावलं की वाढते ती."

अखेर दार बोटभर उघडते. चाचांची दाढी दिसते, मग एक डोळा.

"सूनबाई! तू? येडी झालीस का? दादा कुठंय?"

"ते गावाकडं अडकलेत. नवमी कुठं अडकते?"

"औंदा राहू दे, पोरी. सुरी घेऊन मी या गल्लीतून निघालो, तर मला मुलाणी कोण म्हणेल? दुसरंच काहीतरी म्हणतील, अन् तिथंच..." 

"सुरी माझ्याकडं द्या. तुम्ही रिकाम्या हातानं या."

आतून चाचींचा आवाज आला, "अन् वापस कौन ला के छोड़ेगा इनको?"

"मी आणीन, चाची. इतका म्हातारा आम्ही ठेवून घेऊन काय करू?"

आणि मग, माय, त्या बंद घरातून चाचींचे हसणे आले. त्या महिन्यात त्या गल्लीने ऐकलेले ते बहुधा पहिलेच हसणे असावे. त्यांनीच फडक्यात गुंडाळलेली सुरी आणून दिली. तू ती तिथेच पायरीवर ताटात ठेवलीस, पात्याला हळदकुंकू लावलेस, फूल वाहिलेस, वर लाल खण झाकलास आणि निघालीस. पुढे तू, मध्ये हात मोकळे सोडलेले चाचा, मागे मी.

कोपऱ्यावर फौजेतला शिपाई उभा होता. कोणत्या मुलखातला होता कोण जाणे. कोवळ्या मिशांचा, बंदूकवाला.

"माताजी, थाली में क्या है?"

तू खण बाजूला केलास. उन्हात पाते चमकले.  तू शिपायाच्या डोळ्यांत पाहत होतीस आणि ताट तुझ्या हातात किंचितही हलत नव्हते.

"आज नवमी है, बेटा. हथियार पूजे बिना हमारे घर चूल्हा नई जलता."

"और ये बुड्ढा?"

"ये हमारे घर के हैं. मेरे सासरे के गाँव के."

शिपायाने चाचांकडे पाहिले, सुरीकडे पाहिले, आणि मग त्याची नजर नकळत स्वतःच्या बंदुकीकडे गेली. तेव्हा मलाही दिसले. तिच्या लाकडी दस्त्यावर त्या सकाळचे ताजे कुंकू होते. तो बाजूला झाला.  ताटासमोर त्याने मान लववली.

अनेक भुजांत अनेक शस्त्रे धरणाऱ्या देवीचे ध्यान मी तोवर कितीदा म्हटले होते. त्या कोपऱ्यावर मला त्या ध्यानाचा अर्थ दिसला. दोनच हात होते, त्यांत एकच सुरी होती, आणि ती कोणाला मारायला नव्हे, एका म्हाताऱ्याला त्याच्या कामावर सुखरूप नेण्यासाठी धरलेली होती. पुरुष दसऱ्याला वाजतगाजत सीमोल्लंघन करतात. तू ते आदल्या दिवशीच करून आलीस, आणि घरी पोचताच म्हणालीस, "पाणी तापलं का गं?"

अंगणात काका खांबाला तसाच टेकून होता. चाचा हात पुढे करून थांबले.  मग काका खांब सोडून आला, तांब्या उचलला आणि दरवर्षीसारखी त्यांच्या हातांवर धार धरली. चाचांनी ते नाव घेतले आणि सुरी चालवली. काम उरकल्यावर, चाचींना कबूल केल्याप्रमाणे, तू त्यांना घरी पोचवून आलीस. 

दसऱ्याच्या सकाळी तू मांडी मलमलीतून सोडवून नाकाशी धरलीस, दाबून पाहिलीस, आणि समाधानाने ठेवलीस. टोकदार सुरीने तिला आडवे छेद दिलेस. सालीसकट वाटलेली कच्ची पपई, आले-लसूण, मग दही, तळून चुरडलेला कांदा, भाजलेली खसखस आणि खोबरे, थोडे दगडफूल. पपई रात्री लावायची नाही, मांसाचा भुगा होतो, हा तुझा दंडक. मग लगन हे तांब्याचे पसरट पातेले, कणकेने लिंपलेले झाकण, खाली मंद आणि वर जास्त निखारे. "वरून भाजलं पाहिजे," तू म्हणायचीस, "खालून नुसतं शिजतं." आणि सर्वांत मोठी आज्ञा: झाकण उघडून बघायचे नाही. "झालं की वासच येऊन सांगतो. त्याला बोलवायला जावं लागत नाही." त्या दिवशी हे ऐकताना मला चाचांच्या दाराची ती पायरी आठवली. तू तिथेही अशीच बसली होतीस.

वास आला. झाकण निघाले. मांस हाडावरून आपण होऊन सुटत होते आणि वरची कड बदामासारखी तपकिरी झाली होती. पहिला मोठा तुकडा तू कोणाच्या ताटात वाढला नाहीस. तो पानात बांधलास, वर आपट्याची पाने ठेवलीस, आणि चाचांच्या घरी निघालीस, पुन्हा उंबरा ओलांडून. या वेळी काका न सांगता तुझ्याबरोबर निघाला.

चाचा पुढे हयात असेपर्यंत दर नवमीला आले, आणि एकदाही त्यांना आणायला जावे लागले नाही. ते गेल्यावर चाचींनी सुरी तुझ्याकडे पाठवली. मुलगा घड्याळे दुरुस्त करीत होता, त्याला तिचा उपयोग नव्हता. तू गेलीस तेव्हा ती माझ्याकडे आली. आता मटण दुकानातून येते, ठेवायला फ्रिज आहे, तरी उद्या पाटावर टाकाच्या आणि पळीच्या शेजारी ती असेल. परवा नात रान भाजील आणि मी शेजारी बसून सांगेन. मी खाणार नाही, पण वास येईपर्यंत उठणारही नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. नातीला वाचून दाखवीन आणि देव्हाऱ्यात ठेवीन. मात्र एक गोष्ट तिला वाचून दाखवणार नाही. माय, इतकी वर्षे झाली, इतके वाचले, इतक्या जणींना धीर धरायला शिकवले, पण वास येण्याची वाट पाहणे मला अजून जमत नाही. मी दरवर्षी कणीक थोडीशी उचकटून आत डोकावते, आणि लगेच बोटाने दाबून पुन्हा लिंपते.

जे कोणी हे वाचतील, त्यांची चूल धगधगती राहो. त्यांच्या दारावर थाप पडली तर ती एकदाच पडो, आणि दार उघडल्यावर समोर ओळखीचा चेहरा असो. त्यांच्या घरातल्या प्रत्येक धारदार वस्तूला वर्षातून एकदा तरी कुंकू लागो. जगदंबा सर्वांना पोटभर देवो.