आराम नाही

हुबळी, मंगळवार

प्रिय श्रीनिधी,

तुझा फ्लूचा ताप उतरून आज चौथा दिवस. सकाळी फोनवर तुला तीनदा म्हणालो, पुण्यात इतके दवाखाने आहेत, आत्ताच्या आत्ता जा. तिथे आधी सांग की फ्लू होऊन गेला, मध्ये दोन दिवस बरा होतो, आता पुन्हा कणकण आहे आणि श्वास घेताना टोचतं. याच क्रमाने. क्रम चुकला तर डॉक्टरही साधा खोकला समजतील. तू हसलास. गेलास की नाही, हे लिहिताना मला ठाऊक नाही.

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याने डॉक्टरी शिकवू नये, असं तू म्हणशील. पण काटा दुरुस्त करायला तरी मी कुणाकडे शिकलो? इथल्या दुर्गदबैल बाजारात दुकान थाटलं, काटा उघडून पाहिला, चुकलो, पुन्हा उघडला. तुझी आई गेल्यावर या दोन वर्षांत हा आजारही तसाच उघडून पाहिला. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो. त्याच्याशी झुंजायला शरीर जे इशारे सोडतं, त्यांनीच फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी काही दिवस सुस्त पडतात. एरवी नाकाघशात गुमान बसलेले जंतू तेवढ्यात खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. स्प्रिंगच्या काट्यावर फार जड पोतं टाकलं की असंच होतं. पोतं उतरवल्यावर काटा शून्यावर येतो, गिऱ्हाईक खूश. आतली स्प्रिंग मात्र कमजोर झालेली. हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलो.

आणि घरात काय केलं? तुझ्या आईला फ्लू झाला तेव्हा तिचा ताप दिवसातून चार वेळा मोजून वहीत लिहीत होतो. १०२.६, १०१.४, ९९.८. पाचव्या दिवशी ९८.४ आला आणि मी ऐटीत वही मिटली. सातव्या दिवशी ती शेजारच्या अंबूताईंबरोबर दाजीबानपेठेत आहेराची साडी बघायला गेली. परतल्यावर पायरीवरच बसून राहिली. पुढचं झटक्यात झालं, काही करायला वेळच नव्हता, असं मी तुला सांगितलं. वेळ होता.

आठव्या दिवशी सकाळी मी काटा उघडून बसलो होतो. ती दारात येऊन म्हणाली, आज मला आराम नाही हो. धारवाडची ती, तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं. तब्येत बिघडली की तिला ‘आराम नसे’. वीस वर्षं ऐकत होतो, अर्थ पक्का ठाऊक होता. पण मी मिरजेचा ना. मान वर न करता म्हणालो, हे कानडी झालं सुलभा, ‘बरं वाटत नाही’ म्हणावं. चुकलं मास्तर, असं म्हणत ती आत गेली. दिवसभर पुन्हा काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी तिचे ओठ निळसर दिसले तेव्हा रिक्षा बोलावली. काल आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तिचं ते वाक्य ऐकणारा मी एकटाच होतो.

काल फोनवर तू म्हणालास, अप्पा, परत आराम नाही बघा. अगदी तिच्यासारखं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बरं वाटत नाही’ म्हण. फोन ठेवला आणि उघडलेला काटा तसाच टाकून उठलो. आज संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं आहे. हे पत्र टपालात टाकणार नाही. तू दार उघडशील तेव्हा तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने हे मला सांगता येणार नाही. वाचून झालं की तुला कसं वाटतंय ते सांग, तुझ्या आईच्या शब्दांत. मी एक अक्षर सुधारणार नाही. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली असेल.

तुझाच, दारात उभा असलेला
अप्पा