वीतभर पट्टी

प्रिय ठकू,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला असता, पण फोनवर आपल्या दोघींची गाडी तिसऱ्या वाक्याला भांडणावर येते. तू कारखाना सोडून गेलीस त्याला दोन वर्षं झाली. कारखाना कसला म्हणा, एक खोली, एक कापायचं मशीन आणि बुटांची खोकी!

तर बातमी अशी, की मी हरले. तू सांगितलीस तशीच पुठ्ठ्यावर आखणी केली, एक खोकं सरळ, शेजारचं उलटं. एका तावात चाराऐवजी पाच खोकी निघतात. रोज तीन पोती कात्रण फेकायचो, आता एक पोतंही धड भरत नाही. वाचलेल्या पैशांतून छप्पर नीट करून घेतलं. तुझ्या टेबलावर आता गळत नाही. टेबल रिकामंच आहे, पण कोरडं आहे.

एवढं सगळं चांगलं झालं आणि संध्याकाळी झाडताना मला रडू फुटलं. तावाच्या कडेला उरायची ती वीतभर पट्टी कुठे दिसेना. शाळेतून आलीस की खिडकीखाली फतकल मारून त्याच पट्ट्यांची इवली खोकी करायचीस. एकात खडू, एकात मेलेला भुंगा. तुझे बाबा गिऱ्हाइकासारखं प्रत्येक खोकं उलटंपालटं करून बघायचे आणि माल पसंत आहे म्हणून सांगायचे.

तू गेलीस त्या दिवशी म्हणालीस, बाबांना साधी आखणी जमली नाही, जन्मभर पुठ्ठा वाया घालवला. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तुला चालती हो म्हणाले. खरं कारण मात्र सांगितलं नाही. अगं, पाच खोक्यांची आखणी त्यांनी तुझ्या जन्माआधीच केली होती. तू पट्ट्यांशी खेळायला लागलीस, तेव्हा त्यांनीच ती बदलली. पोरीला पट्टी उरली पाहिजे, म्हणाले. तू मोठी झालीस, तरी पुन्हा बदलली नाही.

तुझी फार आठवण येते गं. आज एक ताव मुद्दाम जुन्या आखणीने कापला आणि त्या पट्टीचं खोकं केलं. वाकडंच झालंय. हे पत्र त्यातच घालून पाठवते आहे. माल पसंत नसला तर परत आणून दे. स्वतः ये.

तुझीच, हट्टी
आई